चढणाऱ्या गाडीचा मान

गाडी चालवताना पडलेले प्रश्न पाठवा, असं मागच्या वेळी आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली. एकाही पत्रात गिअर कसा बदलायचा, क्लच कधी सोडायचा, असा प्रश्न नव्हता. बहुतेकांनी विचारलं होतं ते समोरच्याबद्दल आणि मागच्याबद्दल. कुणी थांबायचं, कुणी जायचं, आपला बेत दुसऱ्याला कळवायचा कसा? मी एकोणीस वर्षं गाडी शिकवतेय आणि माझाही अनुभव हाच आहे. गाडी पुढे पळवायला माणूस महिनाभरात शिकतो. दुसऱ्याला वाट द्यायला मात्र त्याला कुणी बसवून शिकवत नाही.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरत होतो. एका अरुंद वळणावर खालून भरलेला टेम्पो आला. दोन्ही गाड्या मावेनात. टेम्पोवाले म्हणाले, ‘तुम्ही मागे घ्या.’ आमच्या यजमानांचं म्हणणं, ‘आम्हीच का?’ दहा मिनिटं वाद झाला. खरं म्हणजे यांना रिव्हर्स नीट जमत नाही. शेवटी टेम्पोवाल्यांनीच उतरून आमची गाडी मागे घेऊन दिली. नियम काय आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : टेम्पोवाल्यांचं बरोबर होतं. घाटात रस्ता दोन गाड्यांना पुरत नसेल, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतरणाऱ्याने कडेला थांबायचं. जुन्या नियमावलीतही हे होतं आणि २०१७ च्या केंद्रीय नियमावलीतही आहे. जुने ड्रायव्हर याला ‘चढाचा मान’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात नियमही आला आणि अदबही आली.

यामागचं कारण चढावर भरलेली गाडी थांबवलेल्या माणसाला विचारा. ती पुन्हा हलवायची म्हणजे हँडब्रेक ओढा, फर्स्ट टाका, क्लच हळूहळू अर्ध्यावर आणा. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीचं नाक किंचित उचललं जातं, त्या क्षणी हँडब्रेक सोडायचा. एवढ्यात चूक झाली तर गाडी मागे सरकते, आणि मागे कुणी चिकटून उभा असेल तर त्याच्यावर जाते. दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला की क्लचप्लेट जळल्याचा वास येतो. उतरणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याने ब्रेक दाबला की झालं.

दुसरं कारण मागे घेण्याचं. तुम्हाला रिव्हर्स घ्यायचा होता तो चढाच्या दिशेने. तिथे ॲक्सिलरेटर सोडला की वेग आपोआप मरतो. टेम्पोला मागे जायचं होतं उताराकडे, पाठीवर माल घेऊन. त्याचं सगळं वजन त्याला खाली ओढणार आणि मागे काय आहे ते त्याला धड दिसणारही नाही. ब्रेकचा अंदाज जरा चुकला की गाडी थेट कठड्यावर.

पण हा नियम अडून बसण्यासाठी नाही. तुम्ही छोटी गाडी घेऊन चढताय, तुमच्या मागे दहा पावलांवर मोकळी जागा आहे, आणि वरून एसटी येतेय, तिच्या मागे चार गाड्या लागल्यात. अशा वेळी मान तुमचा असला तरी मागे तुम्हीच घ्या. एसटीसकट पाच गाड्या रिव्हर्समध्ये वर जाण्यापेक्षा एक गाडी खाली सरकणं सोपं. ज्याला सोपं आहे त्याने आधी हलावं. वाट मिळाली की हात वर करावा. घाटात तो हात फार बोलतो.

आता पत्रातला खरा मुद्दा. यजमानांना रिव्हर्स जमत नाही, आणि ते एकटे नाहीत. माझ्याकडे दहा-दहा वर्षं गाडी चालवलेली माणसं फक्त रिव्हर्स शिकायला येतात. आमच्या धंद्याचाही यात दोष आहे, तो मी मान्य करते. क्लासचे सगळे दिवस गाडी पुढे पळते. रिव्हर्स शेवटच्या दोन दिवसांत, तोही गाडी वळवण्यापुरता. शिवाय शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. कित्येकदा गाडी थांबते ती त्याच्या पायाने, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपणच थांबवली.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय साठीच्या पुढे. सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर आम्ही तेलाचे चार रिकामे डबे मांडायचो, गाडीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त अंतर ठेवून. त्या पहिल्या दिवशी नुसत्या आरशात बघत होत्या आणि दर वेळी डावा डबा पडत होता. मग मी त्यांना डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकायला लावला, कंबरेतून वळून मागच्या काचेतून बघायला सांगितलं. पाय ॲक्सिलरेटरवर नाहीच, नुसता क्लच थोडा थोडा सोडायचा. गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीचं मागचं अंग जातं, आणि त्याच वेळी नाक उलट्या बाजूला बाहेर येतं. हे नाकच लोक विसरतात आणि शेजारच्या गाडीला घासतात. नवव्या दिवशी बाईंनी एकही डबा न पाडता गाडी मागे घेतली आणि खाली उतरून डब्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

कॅमेरा असला तरी मान वळवायची सवय ठेवा. कॅमेऱ्याला गाडीमागचं दिसतं, बाजूने पळत येणारं पोर उशिरा दिसतं. मागे कुणी उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत असेल तर तो माणूस आरशात दिसलाच पाहिजे. दिसेनासा झाला की थांबा, त्याची हाक ऐकू येत असली तरी. एसटीचा कंडक्टर गाडी मागे घेताना कुठे उभा राहतो ते एकदा स्टँडवर बघा. ड्रायव्हरला दिसेल अशीच जागा तो पकडतो.

घाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडू नका. डिझेल वाचतं या समजुतीपायी बोरघाटात मालमोटारींचे ब्रेक गेलेले आपण वर्षानुवर्षं वाचतोय. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

प्रश्न : चौकातून सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावायचे, असं मला क्लासमध्ये शिकवलं. मुलगी म्हणते हे चूक आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मुलीचं ऐका. चार दिवे म्हणजे ‘मी सरळ जातोय’ नव्हे. चार दिवे म्हणजे ‘माझी गाडी उभी आहे, जपून या’. पंक्चर झालंय, गाडी बंद पडलीय, हायवेवर अचानक रांग लागून तुम्हाला थांबावं लागलंय आणि मागचा वेगात येतोय, एवढ्याचसाठी ते असतात.

चौकात काय होतं बघा. तुमच्या डाव्या अंगाला रिक्षा उभी आहे. तिच्याआड तुमचे डावे दिवे झाकले गेले. उजवीकडच्या दुचाकीवाल्याला तुमचा फक्त उजवा दिवा लुकलुकताना दिसतो. त्याने काय समजायचं? हा उजवीकडे वळतोय. तो त्या हिशेबाने गाडी काढतो, आणि तुम्ही सरळ येता. सरळ जाणाऱ्याने काहीच लावू नये, तीच सरळ जाण्याची खूण.

मुसळधार पावसात आणि बोगद्यात चारही दिवे लावून चालणारे तर जागोजागी दिसतात. त्यात तुमचा वळायचा इशारा कुणाला कळणारच नाही, कारण दोन्हीकडचे दिवे आधीच लुकलुकतायत. पावसात साधे हेडलाइट डिपरवर लावा. मागचे लाल दिवे त्याबरोबर लागतातच, तेवढं पुरतं.

इंडिकेटरच्या बाबतीत माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच क्रम पाठ करायला लावते : आरसा, दिवा, मग ब्रेक. बहुतेक लोक आधी ब्रेक दाबतात, वळायला लागतात आणि वळता वळता दिवा लावतात. तोवर मागच्याने जे काही समजायचं ते समजून घेतलेलं असतं. दुचाकीवाल्यांनी वळण संपल्यावर अंगठ्याने बटण दाबून दिवा बंद करायची सवय लावावी, कारण कारसारखा तो बहुतेक दुचाकींवर आपोआप बंद होत नाही. आणि पुढच्या ट्रकने उजवा दिवा दाखवला म्हणजे ‘काढून घ्या’ असं समजायची एक जुनी रीत आपल्याकडे आहे. त्याच दिव्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ असाही असतो. म्हणून त्या भरवशावर ओव्हरटेक करू नका, समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसू द्या.

प्रश्न : माझी स्कूटर नवीन आहे. दिवसा रस्त्यात रोज कुणीतरी हाताची मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ सांगतं. मला तर बंद करायचं बटणच सापडत नाही. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : बटण नाहीच. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि लागलेलाच राहतो. समोरच्याच्या नजरेत दुचाकी लवकर भरावी म्हणून ही सोय आहे. सांगणाऱ्याला मान हलवून दाद द्या. अनोळखी माणसासाठी ‘ताई, स्टँड!’, ‘ओढणी सांभाळा!’ असं ओरडणारे लोक आपल्या रस्त्यांवर आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या एका हाकेने किती अपघात टळले असतील.

प्रश्न : माझा भाऊ पंधरा वर्षं लंडनजवळ राहतो. इथे आल्यावर गाडी चालवताना समोरच्याने अपर मारला, तेव्हा ‘त्याने वाट दिली’ म्हणून भावाने गाडी पुढे घातली. थोडक्यात वाचलो. असं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एकाच खुणेचे दोन देशांत दोन अर्थ रुळलेत. आपल्याकडे समोरून दिवा मारला म्हणजे ‘थांब, मी येतोय’. ब्रिटनमध्ये रोजच्या व्यवहारात तो ‘या तुम्ही’ असा झालाय. त्यांच्या अधिकृत नियमपुस्तकात मात्र दिव्याचा अर्थ एवढाच दिलाय, की ‘मी इथे आहे’. तोच धरून चाला. दिवा ही परवानगी नव्हे, ना तिकडे ना इकडे.

समोरचा अपर सोडतच नसेल तर आपण अपर लावून त्याला उत्तर देऊ नका. दोघेही आंधळे होण्यात काय साधतं? नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर टाका, वेग कमी करा. तो निघून गेल्यावरही काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार राहतो, आणि ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर जाते. तेवढ्यात बिनदिव्याची बैलगाडी येऊ शकते.

प्रश्न : ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत कुठून आला? (एक वाचक, लातूर)

उत्तर : एका गल्लीच्या नावावरून. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उतरवून दुरुस्त करत बसावं लागे. त्या गल्लीत डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ च्या सुमारास हवा भरलेलं, बिनआऱ्यांचं जादा चाक काढलं. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून आवळायचं आणि गाडी हाकायची. त्या स्टेपनी चाकाचं नाव आपल्याकडे आलं आणि इथलंच झालं.

शब्द सगळ्यांना माहीत आहे, पण चाक बदलता येणारे किती? मी वर्गात विचारते तेव्हा हात फार थोडे वर होतात. सगळ्यांची चूक एकच. गाडी जॅकवर उचलतात आणि मग नट सोडवायला जातात. अधांतरी चाक पान्ह्याबरोबर नुसतं फिरतं आणि गाडी जॅकवर डुगडुगते. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, मगच उचला. नवीन चाक लावताना नट समोरासमोरचे आवळत जा, आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर द्या. काही नव्या गाड्यांची स्टेपनी मुद्दाम बारीक दिलेली असते आणि तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते. ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यापुरती.

एवढं सगळं येऊनही उपयोग होत नाही, कारण डिकीतल्या चाकात हवाच नसते. पेट्रोलपंपावर आपण चार चाकांची हवा बघून घेतो, पाचवं सामानाखाली पडून राहतं. या रविवारी डिकी रिकामी करा, जॅक आणि पान्हा जागेवर आहेत का बघा, आणि स्टेपनीत हवा भरून घ्या.