गाळात दडलेले विष

एखादे रसायन जलचरांना कितपत घातक आहे हे पाहावयाचे झाल्यास ते पाण्यात विरघळवावे, त्या पाण्यात पाणपिसू अथवा मासे सोडावेत आणि ठरावीक काळानंतर किती जगले ते मोजावे, ही रीत कोणासही सहज सुचेल. जी रसायने पाण्यात चांगली विरघळतात त्यांच्या बाबतीत ती पुरेशीही असते. परंतु डीडीटीसारख्या पदार्थाचा विचार करा. एक लिटर पाण्यात त्याचा एक मिलिग्रॅमचा शंभरावा भागदेखील विरघळत नाही. अशा पदार्थाची मात्रा वाढवीत गेल्यास पाण्यात द्रावण न होता नुसते कण तरंगू लागतात आणि मग पाणपिसू विषाने मेला की कणांत गुरफटून मेला हे सांगता येत नाही. उलट मात्रा कमी ठेवली आणि दोन दिवसांत काहीच घडले नाही, तर 'विरघळण्याच्या मर्यादेपर्यंत अपाय नाही' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष शब्दशः खरा असला तरी व्यवहारात फसवा ठरू शकतो.

याचे कारण असे की, जे पाण्यात विरघळत नाही ते पाण्यात फार काळ राहतही नाही. ते गाळातील सेंद्रिय द्रव्याला चिकटते आणि तळाशी साचते. गाळात राहणारे, गाळच खाणारे प्राणी मग महिनोन्‌महिने त्याच्या सहवासात असतात.

अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या क्लियर लेक या सरोवराची हकीगत या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथील न चावणाऱ्या परंतु झुंडीने त्रास देणाऱ्या एका चिलटाचा नायनाट करण्यासाठी डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे रसायन १९४९ मध्ये पाण्यात मिसळण्यात आले. त्याचे प्रमाण सात कोटी भाग पाण्यास एक भाग इतके अल्प होते. १९५४ व १९५७ मध्ये किंचित अधिक प्रमाणात तोच प्रयोग पुन्हा झाला. फवारणीनंतर लवकरच पाण्यात रसायनाचा मागमूसही उरला नाही. तथापि आपल्याकडील टिबुकलीच्या कुळातील ग्रीब पक्षी मरू लागले आणि त्यांच्या चरबीत दशलक्ष भागांत १६०० भागांपर्यंत डीडीडी आढळले. पाणी तपासणाऱ्याच्या दृष्टीने सरोवर स्वच्छ होते, पण तेथील जीवसृष्टीच्या दृष्टीने ते स्वच्छ नव्हते.

तेव्हा चाचणी गाळातच घेतली पाहिजे. पण कोणत्या गाळात? प्रत्येक नदीचा गाळ निराळा असल्यामुळे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (तिची गाळविषयक पहिली मार्गदर्शक सूत्रे २००४ मधील आहेत) कृत्रिम गाळाची शिफारस केली. त्यात सुमारे ७५ टक्के बारीक वाळू, २० टक्के केओलिन माती आणि ४ ते ५ टक्के वाळवून दळलेले पीट असते. आम्लता घालविण्यासाठी थोडा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. यांपैकी पीटचे प्रमाण अल्प असले तरी महत्त्व सर्वांत मोठे आहे, कारण रसायनाला धरून ठेवणारा सेंद्रिय कार्बन त्यातून येतो. एकाच मात्रेचे विष निव्वळ वाळूत प्राणघातक ठरते, तर सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा गाळात तितकेसे जाणवत नाही.

खरी कसोटी लागते ती मिसळण्याच्या वेळी. न विरघळणारा पदार्थ ओल्या गाळात समप्रमाणात पसरविणे हे तेल पाण्यात कालविण्याइतकेच अवघड असते. म्हणून तो प्रथम एखाद्या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवितात, ते द्रावण थोड्याशा बारीक वाळूवर ओततात, द्रावक पूर्णपणे उडून गेल्यावर ती वाळू उरलेल्या गाळात कसोशीने मिसळतात. द्रावकाचा अंश राहिला तर प्राण्यांना त्याचीच बाधा व्हावयाची. म्हणून नुसत्या द्रावकाने संस्कारित केलेला गाळ तुलनेसाठी वेगळा ठेवावा लागतो. पुढे गाळ काही काळ मुरू द्यावा लागतो. घाई केल्यास रसायन गाळ व त्यातील पाणी यांच्यामध्ये अजून स्थिरावलेले नसते आणि प्रत्यक्षाहून अधिक तीव्र परिणाम दिसतो.

चाचणीसाठी निवडलेल्या प्राण्यांत कायरोनोमस या चिलटाची अळी प्रमुख आहे. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे ती लाल दिसते आणि प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही तग धरते. पहिल्या अवस्थेतील वीस अळ्या एका भांड्यात सोडतात. त्या वेळी पाण्यात हवा सोडणे एक दिवस थांबवितात, म्हणजे त्यांना तळाशी बस्तान बसविण्यास अवसर मिळतो. नंतर २८ दिवसांपर्यंत किती अळ्यांचे पंखधारी कीटक झाले आणि त्यास किती दिवस लागले याची नोंद होते. नर आधी, माद्या मागाहून बाहेर पडतात, म्हणून त्यांची मोजणी स्वतंत्र करावी लागते. निर्विष भांड्यांतून ७० टक्के कीटकही बाहेर आले नाहीत, तर सारी चाचणीच बाद ठरते. २०१० च्या सूत्रानुसार हेच निरीक्षण दुसऱ्या पिढीपर्यंत नेता येते.

दुसरा प्राणी म्हणजे लुंब्रिक्युलस हा गोड्या पाण्यातील कृमी. त्याची वीण शरीराचे तुकडे होऊन होते. सर्व कृमी एकाच अवस्थेत असावेत म्हणून चाचणीपूर्वी ते मधोमध कापतात, आणि मागच्या अर्ध्या भागाला नवे डोके फुटले की तेच वापरतात! डोके गाळात खुपसून तो खातो आणि शेपटी वर पाण्यात ठेवून श्वसन करतो. विष त्याच्या कातडीतून तसेच आतड्यातून आत शिरते.

येथे अन्नाचा प्रश्न उपस्थित होतो. वरून ताजे खाद्य टाकले तर प्राणी ते निर्विष अन्न खातील आणि गाळाला तोंडही लावणार नाहीत. म्हणून गाळाला घट्ट चिकटणाऱ्या रसायनांसाठी अन्न आधीच, म्हणजे गाळ मुरावयास ठेवण्यापूर्वी, त्यात मिसळणे श्रेयस्कर होय. माझ्या मते निष्कर्षांतील पुष्कळशी विसंगती या एका बाबीच्या दुर्लक्षातून उद्‌भवते.

भारत २०११ पासून या संघटनेच्या परस्पर-मान्यता व्यवस्थेत सामील आहे, त्यामुळे त्या व्यवस्थेखाली येथील प्रमाणित प्रयोगशाळेत झालेली चाचणी सदस्य देशांतही ग्राह्य धरली जाते. मात्र ही चाचणी सामान्यतः २० अंश सेल्सियसच्या आसपास घेतात, आणि आपल्या तलावांचे पाणी उन्हाळ्यात त्याहून बरेच तापते. उष्णतेने बाधा वाढेलच असेही नाही. पायरेथ्रॉइड कीटकनाशकांची विषारी शक्ती थंड पाण्यात अधिक असते. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील शेतीप्रदेशाच्या ओढ्यांतील गाळ अनेक ठिकाणी घातक आढळला, त्यात याच कीटकनाशकांचा मोठा वाटा होता. उष्ण प्रदेशातील तळ्यासाठी मर्यादा ठरविताना तेथील तापमानास व तेथील गाळातच चाचणी पुन्हा घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.