किनाऱ्याचा नकाशा

हेतू : नकाशा पाहण्याने व मोजण्याने तयार होतो, हे मुलांस समजावे.

पाठ : डच कप्तान आबेल तास्मान याने १६४२ साली न्यूझीलंडचा किनारा प्रथम पाहिला व त्याचा काही भाग नकाशात उतरविला. तो किनारा त्यास अज्ञात होता. तेथील माओरी लोकांस नव्हे. आपल्या कोकणातही त्यापूर्वी शतकभर असेच घडले होते. १५३८-३९ साली पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रु गोव्याहून दीवपर्यंत गेला. वाटेत त्याने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढले व दाभोळ, चौल आदी बंदरांची चित्रे रेखाटली. ही बंदरे स्थानिक खलाशी पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. पण मुखातले ज्ञान गावात राहते, कागदावरचे राज्यकर्त्यांच्या हाती जाते. हाच कास्त्रु १५४५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला.

उपक्रम : पुनावळ्यास समुद्र नाही, पवना आहे. शिक्षकांनी मुलांस काठाजवळ, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर न्यावे. पावलांनी अंतरे मोजवून नदीची वळणे कागदावर काढवावीत. जागांची नावे मात्र गावातील वडीलधाऱ्यांस विचारूनच लिहावीत. जे नाव कोणी लिहिले नाही, ते उद्याच्या नकाशात उरत नाही.