दूरगामी तेलविहिरी आणि पातळ वेधन-द्रव

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली, मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधन-मंचाच्या साहाय्याने तेथे तेल सापडले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादनास प्रारंभ झाला. भर समुद्रात प्रत्येक विहिरीसाठी निराळा मंच उभारणे परवडत नाही. म्हणून एकाच मंचावरून अनेक विहिरी खणतात. प्रत्येक विहीर काही अंतर उभी नेऊन मग वेगवेगळ्या दिशांना कलती करतात. अशी विहीर आडव्या अंगाने फार दूर नेली, म्हणजे तिला दूरगामी विहीर म्हणतात. तिची लांबी वाढते, खोली मात्र वाढत नाही. सारी अडचण या एका गोष्टीतून उद्भवते.

विहीर खणताना पोकळ नळांतून एक द्रव सतत खाली सोडला जातो. कामगार त्याला ‘मड’ म्हणतात. तो टोकाशी असलेल्या बिटमधून बाहेर पडतो आणि नळ व खडक यांच्यामधील वलयाकार पोकळीतून खडकाचा चुरा घेऊन वर येतो. शिवाय आपल्या वजनाने तो खडकातील तेल, वायू व पाणी यांना थोपवून धरतो. हे वजन यावे म्हणून त्यात बॅराइट या जड खनिजाची पूड मिसळतात. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे या खनिजाचा मोठा साठा आहे.

द्रव स्थिर असताना त्याचा दाब केवळ उभ्या खोलीवर अवलंबून असतो. तो वाहू लागला की त्यात घर्षणाच्या दाबाची भर पडते, आणि ही भर विहिरीच्या लांबीनुसार वाढते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विहिरीची उभी खोली १,५०० मीटर आहे आणि द्रव पाण्याच्या १.२ पट जड आहे. तळाशी त्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १८० किलोग्रॅम होईल. खडकातील द्रवांचा दाब १६५ आहे आणि २२० च्या वर खडकाला तडे जातात, असे समजा. घर्षणामुळे दर १०० मीटर लांबीस १ किलोग्रॅम दाब वाढत असेल, तर २,००० मीटर लांबीच्या विहिरीत एकूण दाब २०० होतो. तो निर्धोक आहे. तीच विहीर ६,००० मीटर लांब केली तर तो २४० होतो. खडक फाटतो आणि द्रव त्या भेगांत नाहीसा होऊ लागतो.

मग द्रव हलकाच का करू नये? तो १.०५ पट ठेवला तर वाहताना दाब २१७ च्या आसपास राहील, हे खरे. परंतु नळाला नवा तुकडा जोडण्यासाठी पंप थांबवताच तो १५७ वर येईल आणि खडकातील वायू विहिरीत शिरू लागेल. तो वेळीच आवरला नाही, तर उद्रेक होतो. १९८२ च्या जुलै महिन्यात मुंबई हाय येथे ‘सागर विकास’ या वेधन-मंचावर असा उद्रेक होऊन आग लागली होती. तेव्हा वजन तेच ठेवून घर्षण घटवणे, हाच मार्ग उरतो. घर्षण निम्म्यावर आले, तर आपल्या उदाहरणातील दाब २४० वरून २१० वर उतरतो. त्यासाठी द्रवाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, कमी करावा लागतो.

पण पातळपणाचीही किंमत मोजावी लागते. दाट द्रवात चुरा तरंगत राहतो, पातळ द्रवात तो लवकर खाली बसतो. कलत्या विहिरीत तर त्याला खालच्या कडेपर्यंत जेमतेम काही सेंटीमीटरच उतरायचे असते. तेथे त्याचा थर साचतो, पोकळी अरुंद होते, नळ अडकतो आणि दाब पुन्हा वाढतो. बॅराइटही तसेच खाली बसते. मग द्रव एका ठिकाणी जड आणि दुसऱ्या ठिकाणी हलका होतो.

यावर उपाय असे की, नळ वेगाने फिरवत ठेवून साचलेला चुरा ढवळून काढावा, प्रवाह पुरेसा जोरकस राखावा आणि बॅराइट अत्यंत बारीक, काही मायक्रॉनांपर्यंत, दळून वापरावे. इतके सूक्ष्म कण सावकाश बसतात. मात्र बारीक कणांमुळे द्रव पुन्हा दाट होऊ पाहतो. म्हणून कणांच्या पृष्ठभागावर रासायनिक लेप देतात. बिटच्या मागे बसवलेले दाबमापक खालची स्थिती वर कळवत असतात.

इंग्लंडमधील विच फार्म येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, किनाऱ्यावरून खणून, १० किलोमीटरांहून दूरचे तेल गाठले गेले; तेथील तेलाची उभी खोली मात्र सुमारे १,६०० मीटरच आहे. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रातही या विचाराला महत्त्व आहे. वर्षानुवर्षे तेल काढल्याने खडकातील दाब उतरतो आणि त्याबरोबर खडकाची सहनशक्तीही घटते. तेथील चुनखडकात तर मुळातच पोकळ्या असून द्रव त्यांत मुरतो. वरची आणि खालची मर्यादा जसजशी जवळ येते, तसतसा प्रत्येक किलोग्रॅम दाब मोलाचा ठरतो. म्हणून वेधन-द्रव शक्य तितका पातळ असावा. पण चुरा वर आणता येणार नाही आणि बॅराइट तोलून धरता येणार नाही, इतका पातळ मात्र तो कधीही असू नये.