गोडीत आहात तोवर कागद करा

नवऱ्याशी करायच्या करारनाम्याचा तुझा मसुदा वाचला गं. स्टॅम्प पेपरवर उतरवायच्या आधी माझ्याकडे पाठवलास, हे फार चांगलं केलंस. पहिलंच वाक्य आहे, ‘आमच्यात वारंवार मतभेद होत असल्यामुळे...’. खरं सांगू का, घात होईल तो याच वाक्याने.

कारण सांगते. 1900 साली तुमच्या कलकत्ता हायकोर्टापुढे राजलक्ष्मी देवी नावाच्या बाईचा दावा आला होता. नवऱ्याने तिच्या वेगळ्या राहण्याचा आणि पोटगीचा खर्च द्यायचं कबूल केलेलं, तेही रजिस्टर केलेल्या कागदावर. पण त्याच कागदात भांडणांचा उल्लेख होता. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन सहसा जवळच्या नात्यात, प्रेमापोटी, लेखी आणि रजिस्टर केलेलं असेल तरच टिकतं. इथे प्रेम कुठे दिसतंय, असं म्हणत कोर्टाने दावा फेटाळला. म्हणून म्हणते, गोडीत आहात तोवरच करा, आणि दोघांनी एकमेकांना काय द्यायचं ते स्पष्ट लिहा. ‘वेगळे झालो तर’चं ते लांबलचक कलम मात्र काढून टाक. पुढच्या ताटातुटीचे करार कोर्टं सहसा मानत नाहीत.

आता तुमची खास अडचण बघ. तू अकोल्याकडची महादेव कोळी, तुझा नवरा पुरुलियाचा संथाळ. हिंदू विवाह कायदा आणि वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत, तिथे रूढी चालते. ती रूढी आहे हे सिद्ध कोणी करायचं? जिला गरज आहे तिने. एका उरांव बायकोने संथाळ नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध सुप्रीम कोर्ट गाठलं, पण दुसरं लग्न रद्द ठरवणारी रूढी सिद्ध झाली नाही आणि 2001 मध्ये ती हरली. जुलै 2025 मध्ये मात्र छत्तीसगडच्या गोंड कुटुंबात मुलीच्या वारसांना समान वाटा मिळाला. छान झालं, पण ते मिळवायला किती वर्षं कोर्टात गेली! तुला त्या वाटेने जायला लागू नये, एवढंच मला हवंय.

म्हणून करारनाम्यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. कोलकात्यातल्या बालीगंजच्या फ्लॅटचा हप्ता तुझ्या पगारातून जातो ना? मग खरेदीखतावर तुझं नाव हवंच. ते त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर, कर्ज चालू असल्यामुळे, आधी बँकेची संमती घ्या, मग रजिस्टर्ड बक्षीसपत्राने अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करा. हप्ते गेलेली बँक स्टेटमेंट्स एका फाइलमध्ये लावून ठेव. विम्यावर नॉमिनी आहेस म्हणून निवांत राहू नकोस बाई. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होतोच असं नाही. मृत्युपत्र करायचं तर संथाळांना कोणता कायदा लागतो, ते वकिलाकडून आधी तपासून घे.

त्याच्या गावच्या जमिनीचं नाव या कागदात घालू नकोस. पश्चिम बंगालच्या 1955 च्या जमीन सुधारणा कायद्यात आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर बंधनं घालणारं वेगळं प्रकरण आहे, आणि तुझा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. त्याच्यावर तिथे विसंबता येत नाही.

घाबरलीस का? अगं, घराचे हप्ते, नोकरी आणि दोन गावांची सासर-माहेरं सांभाळतेस तू, हे का जमणार नाही? फक्त त्याच्या पाठीमागे काही करू नकोस. दोघं मिळून बसा, आणि दोघांनी वेगवेगळ्या वकिलाला दाखवा, म्हणजे उद्या कोणी दबावाने सही घेतली म्हणणार नाही. फीची चिंता वाटत असेल तर अलीपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाई म्हणून तुला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.