'नाही'च्या पलीकडील 'होय'

शास्त्रपाठ : निर्गम 20:21, यशया 45:15, योहान 1:18, 2 करिंथ 1:18-20

आपले शब्द देवाला पुरे पडतात काय? बृहदारण्यक उपनिषदाने ब्रह्माविषयी 'नेति नेति' म्हटले. मोशे दाट अंधकाराजवळ गेला, या प्रसंगावरून निसाच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात शिकवले की, देव बुद्धीच्या पलीकडे आहे हे उमगणे हेच त्याचे दर्शन. या मार्गास निषेधात्मक ईश्वरविज्ञान म्हणतात. झाँ-ल्यूक मारियाँ यांनी 1982 च्या ग्रंथात आणि झाक देरिदा यांनी 1986 च्या यरुशलेममधील व्याख्यानात हाच विषय आधुनिक तत्त्वज्ञानापुढे पुन्हा मांडला.

1. नकाराचे मोल

संकटे टाळणारा, यश देणारा अशी देवाची मूर्ती आपण मनात घडवतो. दुःख आले की ती भंगते. भंगते ती आपली कल्पना, देव नव्हे. यशया त्याला गुप्त राहणारा देव म्हणतो, तरी त्यालाच तारणाराही म्हणतो.

2. नकाराची मर्यादा

परंतु रुग्णशय्येवरील मनुष्य केवळ 'नाही'वर जगू शकत नाही. योहान 1:18 मध्ये दोन्ही बाजू आहेत : देवाला कोणी पाहिले नाही, पुत्राने मात्र त्याला प्रकट केले.

3. लखनौची साक्ष

डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स 1907 मध्ये भारतात आले व लखनौच्या इंग्रजी मंडळीची सेवा करू लागले. काही वर्षांत त्यांची प्रकृती पार ढासळली. त्याच नगरीत प्रार्थनेत असता त्यांना नवे सामर्थ्य लाभले. पुढे 1950 मध्ये त्यांनी लखनौ येथे 'नूर मंझिल' हे मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्र उभारले.

डिसेंबर 1971 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि वाणी अडखळू लागली. तरीही ध्वनिफितीवर बोलून त्यांनी अखेरचे पुस्तक सांगितले. दि. 25 जानेवारी 1973 रोजी बरेली येथे ते निवर्तले. पुस्तक 1975 मध्ये निघाले. त्याचे नाव 'द डिव्हाईन येस', म्हणजे देवाचा 'होय'. या वेळी शरीर पूर्ववत झाले नाही, तरी 'होय' टिकला. कारण पौल सांगतो त्याप्रमाणे तो 'होय' आपल्या मागणीचे उत्तर नसून स्वतः ख्रिस्त आहे.

मननासाठी प्रश्न

1. देवाविषयीची आपली कोणती कल्पना दुःखाने मोडली?
2. दुःखिताजवळ बसताना आपण उत्तरे देण्याची घाई करतो काय?