वडिलोपार्जित धंदा आणि पुढची पिढी



काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील अकस्मात निवर्तले. त्यांचे कापडाचे लहानसे दुकान होते. आम्ही घरी भेटावयास गेलो, तेव्हा दुःखाइतकीच एक विवंचना त्या घरात दिसली. कोणत्या गिऱ्हाइकाकडून किती उधारी येणे आहे, नागपूरच्या कोणत्या व्यापाऱ्यास किती देणे आहे, हे सारे गेलेल्या माणसाच्या स्मरणात होते. कागदावर फारसे नव्हते. धाकट्या मुलीने मात्र दर रविवारी वडिलांच्या सांगण्यावरून एका जुन्या शाळेच्या वहीत काही आकडे उतरून ठेवले होते. पुढे दुकान उघडले, ते त्या वहीच्या आधारावर.

तो प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो. आपल्या जिल्ह्यात धानाच्या गिरण्या आहेत, वारासिवनीस हातमाग आहेत, आठवडी बाजारात पिढ्यान् पिढ्या मांडलेली दुकाने आहेत. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असा एखादा धंदा असेल. तो पुढे कसा जावा, याचा विचार विद्यार्थिदशेतच करावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. मालकी ही एक गोष्ट आणि कारभार ही दुसरी. मालकी कायद्याने मिळते. कारभार मात्र शिकावा लागतो. पुष्कळ घरांतील कलहाचे मूळ या दोहोंची गल्लत करण्यात असते.

मालकीविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ चा हिंदू वारसा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख यांसही लागू आहे. मुसलमान व ख्रिस्ती बांधवांचे कायदे वेगळे आहेत. समजा, स्वकष्टाने दुकान उभारणारा गृहस्थ मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. अशा वेळी चौघांचा हिस्सा सारखा, म्हणजे एक चतुर्थांश होतो. त्याची आई हयात असल्यास तीही बरोबरीची वारस, म्हणजे पाच हिस्से. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत पूर्वी केवळ मुलांस जन्मतः हक्क असे. २००५ च्या दुरुस्तीने तो मुलींसही मिळाला. त्या वर्षी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

आता गणित करून पहा. एक चतुर्थांश हिश्शाच्या प्रत्येक धन्यास पुढे तीन वारस झाले, तर नातवंडाच्या वाट्यास बारावा हिस्सा येतो. बारा जणांनी एकाच गादीवर बसून दुकान चालवावे, हे शक्य नाही. शेताचे बांध घालता येतात. गिरणीच्या यंत्राचे बारा तुकडे केले, तर ते भंगार होते.

आमचे घर कोकणीभाषक असल्यामुळे गोव्याकडील रीत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेथे पोर्तुगीज काळातील १८६७ च्या नागरी संहितेपासून मुलगा व मुलगी यांस समान वारसा आहे, आणि मुलाबाळांचा निम्मा वाटा मृत्युपत्रानेही डावलता येत नाही. आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यातही हे तत्त्व आहे. वाटणीच्या वेळी मालमत्तेची यादी होते; वारस आपसांत बोली लावू शकतात. ज्याची बोली वरचढ त्यास ती वस्तू मिळते, इतरांस त्यांच्या हिश्शाचे पैसे मिळतात. हक्क सर्वांचा राहिला, पण दुकान अखंड राहिले. आपल्याकडील १९५६ च्या कायद्याच्या बाविसाव्या कलमातही याच्याशी मिळतीजुळती सोय आहे. धंद्यातील आपला हिस्सा एखाद्या वारसास विकावयाचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क उरलेल्या सहवारसांचा असतो.

मालकीचा प्रश्न असा सुटला, तरी कारभाराचा उरतोच. वारासिवनीच्या विणकराच्या घरी पहा. मूल प्रथम कांड्या भरावयास शिकते. तुटलेला धागा जोडणे त्यानंतर येते. आणि हात बसल्यावर ते मागावर बसते. माग वारशाने मिळेल, पण हाताचे कौशल्य बाप जिवंत असतानाच घ्यावे लागते. दुकानाची गोष्ट याहून निराळी नाही. माल पारखणे, उधारी कोणास द्यावी व कोणास नाकारावी हे ओळखणे, दिलेला शब्द पाळणे, या गोष्टी मृत्युपत्रात लिहून देता येत नाहीत.

महाराष्ट्रातील एका थोर उद्योगी घराण्याचे उदाहरण घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत असताना तेथून सायकली पाठवीत, आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावी विकीत. १८८८ साली सुरू झालेल्या त्या धंद्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांनी पुत्र शंतनुराव यांस केवळ गादीवर बसविले नाही. अमेरिकेत यंत्रविद्या शिकविली. १९२६ साली पदवी घेऊन ते परतले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये वारले. म्हणजे पुत्राचे कर्तृत्व त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुतणे शंकरराव यांचा ओढा लेखन व चित्रकलेकडे होता. त्यांच्या हाती १९२० साली कारखान्याचे मासिक आले आणि त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ व ‘स्त्री’ ही नामांकित मासिके उभी राहिली. ज्याचा जसा पिंड, तसे त्यास काम, हे येथे दिसते.

त्याच वर्षी, १९२० मध्ये, किर्लोस्कर बंधूंचा व्यवसाय मर्यादित कंपनी झाला. याचे महत्त्व समजून घ्या. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. भागधारक वारला तरी कंपनी मात्र चालू राहते.

परंतु कागद केला म्हणजे सारे झाले, असेही नाही. याच घराण्याच्या चौथ्या पिढीत २००९ साली लेखी समझोता झाला होता. तरी त्याच्या अर्थावरून मतभेद होऊन प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचविला. कोण चूक, कोण बरोबर, हे ठरविणे आमचे काम नव्हे. करार तर हवाच, पण तो करताना सर्वांनी एकत्र बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ बोलून घ्यावा, एवढा बोध आपण घ्यावा.

या विवेचनावरून आम्हांस चार नियम सुचतात :

१. घरखर्चाचा पैसा आणि दुकानाचा गल्ला निराळे ठेवावेत. घरच्या माणसाने दुकानातून वस्तू नेली, तरी ती कीर्दीत लिहावी.

२. येणे-देणे रोज लिहावे, आणि ते घरातील किमान दोघांस, मुलगी असो वा मुलगा, ठाऊक असावे.

३. काम न करणाऱ्या वारसास नफ्याचा हिस्सा द्यावा. काम करणाऱ्यास हिश्शाशिवाय कामाचा मोबदला निराळा द्यावा. असे केले म्हणजे एकास अन्याय व दुसऱ्यास उपकार वाटत नाही.

४. वडीलधाऱ्यांनी हातपाय चालत असतानाच थोडाथोडा कारभार सोपवावा. नवख्याच्या हातून चूक होईल. ती सुधारावयास अनुभवी माणूस शेजारी असावा.

शेवटी ज्यांस घरचा धंदा करावयाचा नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. तुम्हांस डॉक्टर किंवा शिक्षक व्हावेसे वाटले, तर त्यात अपराध नाही. पण ही गोष्ट वडिलांस वेळीच व नम्रपणे सांगा. ते तुमच्या भरवशावर कर्ज काढतील, दुकान वाढवतील आणि तुम्ही ऐनवेळी अंग काढून घ्याल, तर ते अयोग्य होईल. वेळीच सांगितले, तर बहीण पुढे येईल, चुलतभाऊ येईल, किंवा विश्वासू मुनीम नेमता येईल.

येत्या सुट्टीत एवढे करा. आजोबांस किंवा आजीस विचारा की, आपला धंदा कोणी, केव्हा व किती भांडवलावर सुरू केला? मग वडिलांजवळ बसून आज कोणाचे किती येणे व किती देणे आहे, ते एका वहीत उतरून घ्या. आरंभी उल्लेखिलेल्या त्या मुलीने याहून अधिक काही केले नव्हते.