सेवेच्या यादीत ‘सोडली’ म्हणायला जागा हवी

या आठवड्याच्या अभ्यासाचा विषय थोडा वेगळा आहे. सेवेची वाटणी मोबाईलवर कशी करावी, हे आज पाहायचं आहे. रात्री जेवणं आटोपली की घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं. शेवटी स्वाध्याय दिला आहे.

आपल्याकडे सेवेची हौस कमी नाही. उत्सव जवळ आला की ग्रुपवर विचारणा होते आणि तासाभरात ‘मी येतो’, ‘आम्ही दोघं आहोत’, कोणाचे नुसते जोडलेले हात, असे ढीगभर मेसेज येतात. प्रत्यक्ष दिवशी मात्र भाजी चिरायला पंधरा जण आणि भांडी घासायला दोघंच. मनं सगळ्यांची चांगली असतात, पण मेसेज वर सरकत जातो. कोणी काय घेतलं आणि काय उरलं, हे एका जागी कुठेच दिसत नाही.

*दूरचं एक उदाहरण*

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. तिथे १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि राजधानी पोर्त-ओ-प्रिन्स कोसळली. मदतीला गेलेल्या पथकांकडे शहराचा धड नकाशाही नव्हता. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा, सर्वांना खुला असलेला नकाशा जगभरचे स्वयंसेवक २००४ पासून तयार करत आले आहेत. त्यांतले शेकडो जण आपापल्या घरी बसून उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रस्ते, गल्ल्या, पडलेल्या इमारती, तंबूंच्या वस्त्या आखू लागले. थोड्याच दिवसांत पथकांच्या कामी येईल असा नकाशा उभा राहिला.

आता विचार करा. इतके लोक, एकमेकांची ओळख नाही, भाषा वेगळी. दोघं एकाच गल्लीवर काम करणार आणि पलीकडची वस्ती तशीच राहणार, हा धोका आहेच. म्हणजे अडचण आपल्या भाजी-भांड्यांचीच! ती सोडवण्यासाठी या मंडळींनी पुढे ‘टास्किंग मॅनेजर’ नावाचं साधन बनवलं. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर हजारो स्वयंसेवकांनी त्यावर काम केलं.

*त्याची रचना*

१. सगळा प्रदेश छोट्या चौकोनांत वाटलेला असतो. कोणता रिकामा, कोणता पुरा झाला, हे रंगावरून कळतं.

२. एकाने चौकोन घेतला की त्याला कुलूप लागतं. दुसऱ्याला तो घेता येत नाही.

३. काम पुरं झालं नाही तर दोन तासांनी कुलूप आपोआप उघडतं. त्याआधीही चौकोन परत ठेवता येतो, आणि पुढच्यासाठी दोन ओळींचा निरोप लिहिता येतो.

४. चौकोनात काम फार असेल तर त्याचे आणखी भाग पाडता येतात. छायाचित्रावर ढग असतील तर तसं कळवता येतं.

५. ‘पूर्ण’ म्हटल्यावरही दुसरा अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो.

*यातलं मुख्य काय?*

आम्हाला यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. सेवा घेणं सोपं असतं, सोडणं जड जातं. हो म्हटलं, मग घरी कोणी आजारी पडलं किंवा ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. आता ‘जमत नाही’ कसं सांगायचं? लोक काय म्हणतील? म्हणून माणूस गप्प बसतो आणि नाव यादीत तसंच राहतं.

समजा, एकट्या राहणाऱ्या एका आजींना मंगळवारी डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं आहे. यादीत नाव आहे, म्हणून बाकीचे निश्चिंत. आजी चप्पल घालून दारात बसल्या आहेत आणि गाडी आलीच नाही. ती जागा रिकामी दिसली असती तर कोणीतरी धावलंच असतं. नाव असलेल्या जागेकडे कोणी पाहत नाही. म्हणून न झेपणारी सेवा वेळेवर खाली ठेवणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ती सोपी करणं हे साधनाचं काम आहे.

कोणी म्हणेल, अशाने जबाबदारी उरणार नाही, जो तो घेईल आणि सोडेल. शंका रास्त आहे. त्यासाठी मुदत बांधावी. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ‘नक्की’ असं कळवायचं. कळवलं नाही तर जागा पुन्हा रिकामी. त्यानंतर अडचण आली तर मेसेजवर न भागवता समन्वयकांना फोनच करायचा. आणि कोणी किती वेळा सोडली, याची मोजदाद ठेवू नये. ती ठेवली की लोक पुन्हा गप्प बसतील.

*आपली यादी*

लगेच ॲप बनवायची गरज नाही. सगळ्यांना उघडता येईल असा गुगल शीटचा एक तक्ता पुरे. रकाने इतकेच: काम, जागा व वेळ, किती जण हवेत, नाव, नक्की, झाली किंवा सोडली, कोणी पाहिलं.

तीन गोष्टी सांभाळाव्या. ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नसेल तर त्यांनी फोनवर सांगावं, समन्वयकांनी नाव लिहावं. आपली कुटुंबं बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशी पसरलेली आहेत. काही घरांत मुलं मराठी छान बोलतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून कामाचं नाव दोन-तीन सोप्या शब्दांतच असावं. आणि ज्यांची सेवा करायची त्यांचा पत्ता, आजार, फोन नंबर तक्त्यात मुळीच लिहू नये. तो फक्त ती सेवा करणाऱ्यालाच द्यावा.

*स्वाध्याय*

पुढच्या महिन्यातलं कुठलंही एक सामुदायिक काम घ्या. त्याचे दोन तासांत होतील एवढे भाग पाडा. घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीही, एकेक भाग निवडावा. मग एकमेकांना विचारा: ऐनवेळी मला जमलं नाही, तर ते कोणाला, कधी आणि कसं कळेल? उत्तर सापडेपर्यंत यादी पुरी झाली असं समजू नका.

घरोघरी काय उत्तरं निघाली, ती पुढच्या बैठकीत ऐकूया.